कॅसेटीतले गाऱ्हाणे

धारगळ, पेडणे
१२ नोव्हेंबर १९८६

चि. परेशास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पार्सल शनिवारी पोचले. कोऱ्या कॅसेटी दोन, मोठे सेल चार, आणि तुझ्या हाताची चिठ्ठी एक. एका कॅसेटीचा कोपरा चेपला आहे, पण फिरते. तिकिटे सहा रुपये चाळीस पैशांची लावलीस. सेल म्हापशात मिळतात रे बाबा, पुण्याहून पाठवायचे कशाला? यापुढे असला खर्च करू नको.

तुझी चिठ्ठी तीनदा वाचली, ह्यांना एकदा वाचून दाखवली. हे म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा वाटले शहाणा झाला." मी म्हटले, शहाणा झाल्यावरच माणसे असले प्रश्न विचारतात. तुम्ही चार मित्र मिळून गिटार-ड्रम वाजवता हे तुझ्या बहिणीने, ज्योतीने, मला सांगितले होते. पण दहा गाण्यांची मिळून एकच गोष्ट, तीही माणूस आणि काँप्युटर यांची, हे नवीन. आधी डोक्यात शिरेना. मग कळले, सुटे अभंग नव्हेत, आख्यान लावून केलेले कीर्तन आहे. असे सांगायचे ना सरळ.

आता तुझे मागणे. "समोरचा दिसत नाही, लगेच बोलत नाही, तरी त्याच्याशी बोलावे लागते असा आवाज हवा," असे लिहिलेस. मला दुसरे काही सुचलेच नाही. आमच्या वाड्यावरच्या रवळनाथाच्या देवळात लोकांची मागणी देवापुढे मोठ्याने मांडतात, म्हणजे गाऱ्हाणे घालतात ते सदाशिव घाडी, त्यांना जाऊन विचारले. पासष्टी उलटली, पण आवाज असा की रस्त्यापलीकडच्या दुकानात गिऱ्हाईक उभे असेल तर ते हात जोडते. त्यांनी टेप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्या डब्याक कान खंय?" मी जाळी दाखवली. "मग घाल, देवाकडे लपवण्यासारखा काय नाय."

सोमवारी वाड्यावरची पार्वती देवळात आली होती. तिच्या संजनाचे लग्न चार वर्षे जुळता जुळत नाही, त्याचे गाऱ्हाणे होते. कुवेतहून दिराने आणलेला टेप मी खांबाजवळ ठेवला आणि लाल बटण दाबले. मध्ये कोंबडी ओरडली आहे आणि शेवटी घंटा, त्याला इलाज नाही. नंतर कौल लावला. देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली. म्हणजे होकार. पार्वती रडली.

आमच्याकडे कधी कधी पाकळी पडतच नाही. तासभर थांबलो तरी नाही. मग घाडी सांगतात, आज देव बोलत नाही, परत या. तुझ्या काँप्युटरला ठाऊक नसले की तो काय करतो? हे मुद्दाम कळव.

तुझी मावशी,
भाग्यलक्ष्मी

पुणे
२८ नोव्हेंबर १९८६

ती. मावशीस शि.सा. नमस्कार.

कॅसेट मिळाली. काय पाठवलेस हे तुला ठाऊक नाही! आम्ही चौघे सुधीरच्या खोलीत जमिनीवर बसून ऐकत होतो. सदाशिवकाकांनी "बा देवा रवळनाथा" म्हटले आणि आमचा ड्रमवाला सरळ बसला. तो आयुष्यात कधी सरळ बसलेला नाही. कोंबडी तर आम्ही ठेवणारच.

आख्यान हा शब्द मी सगळ्यांना सांगितला, आता आम्ही तोच वापरतो. तर आमचे आख्यान असे. एका गावाने विचार करणारे यंत्र बांधले. पहिल्या गाण्यात लोक त्याला पाऊस कधी पडेल ते विचारतात. मग भाव कधी चढेल, मग मुलगी कुठे द्यावी, मग चोर कोण. सातव्या गाण्यापर्यंत गावात कोणी कोणाला काही विचारत नाही, सगळे यंत्राला विचारतात. आणि यंत्र सगळ्याला "व्हय म्हाराजा" म्हणते! तुझ्या कॅसेटीतून हे मिळाले. देव कसा प्रत्येक वाक्याला हो म्हणतो, तसेच यंत्र. ऐकताना अंगावर काटा येतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर लाजत देतो. आमच्या ऑफिसात काँप्युटरला थंड खोली आहे, आम्हाला पंखासुद्धा नाही. त्याला ठाऊक नसले तरी तो काहीतरी छापतोच. चुकीचे असले तरी अक्षर सुंदर असते.

सुधीर विचारतो, हे गाऱ्हाणे मराठीत की कोंकणीत? इथल्या वर्तमानपत्रांत गोव्याच्या भाषेचेच चालले आहे. कव्हरवर काय छापू?

तुझा,
परेश

धारगळ
५ जानेवारी १९८७

चि. परेशास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळायला महिना लागला. डिसेंबरात बंद, रस्त्यांवर झाडे आडवी, टपालाची गाडी पत्रादेवीला अडकलेली. आता निवळले आहे. घरात मात्र निवळले नाही. ह्यांचे आणि मडगावच्या नणंदेच्या यजमानांचे भाषेवरून बोलणे बंद झाले. दोघे भांडले ते मात्र एकाच बोलीत. कव्हरचे म्हणशील तर देवाने अजून विचारलेले नाही. तूही छापू नको.

पण परेश, तू मोठी चूक केलीस, ती आधी सुधार. "व्हय म्हाराजा" देव म्हणत नाही. ते आम्ही म्हणतो! जमलेली माणसे. तू लहानपणी कारापुरात वाढलास, मे महिन्यात इथे आलास तर आंब्याखाली, म्हणून तुला ठाऊक नाही. घाडी एकेक मागणे सांगतात आणि आम्ही होकार भरतो. म्हणजे मागणे एकट्या पार्वतीचे राहत नाही, सगळ्या वाड्याचे होते. म्हणून कान देऊन ऐकावे लागते. माझी सासू सांगायची, न ऐकता व्हय म्हणणाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्याचे मागणे पडते.

आणि ते पाठ केलेले स्तोत्र नव्हे. आरंभ ठरलेला असतो, पुढचे सगळे त्या दिवसाचे. कोण आले, कशासाठी आले, कोणाशी भांडून आले. घाडी आधी तासभर माणसाला विचारत बसतात, मग देवापुढे उभे राहतात.

संजनाचे जमले! मये गावचा मुलगा, तळ्याकडे त्यांची बागायत आहे. लग्न माघात. पार्वती वाटेत दिसेल त्याला सांगते.

सदाशिवदादांचा घसा जरा बसला आहे. थंडी असेल.

भाग्यलक्ष्मी

पुणे
२० जानेवारी १९८७

ती. मावशीस शि.सा. नमस्कार.

तुझ्या पत्राने आमचे सातवे, आठवे आणि दहावे गाणे पाडले. दोन रात्री आम्ही एकमेकांशी भांडलो. आता आख्यान बदलले आहे, आणि पुष्कळ चांगले झाले आहे.

होकार भरणारी माणसे, ही गोष्टच मला सुचली नव्हती. आता शेवटच्या गाण्यात असे होते: यंत्राला सगळ्यांचे प्रश्न ऐकून ऐकून स्वतःचा एक प्रश्न सुचतो. पण ते विचारणार कोणाला? मग ते गाऱ्हाणे घालायला उभे राहते. आणि गावातल्या माणसांनी ठरवायचे, व्हय म्हणायचे की नाही.

त्यासाठी सदाशिवकाकांना पुन्हा एकदा उभे करशील? या वेळी पार्वती नको, संजना नको, कोणाचेच नाव नको. नुसते गाऱ्हाणे. सावकाश. आम्हाला जूनमध्ये मुंबईच्या एका स्टुडिओत तीन दिवस मिळाले आहेत. त्यांचा आवाज नसेल तर हे गाणे उभेच राहणार नाही.

घसा बरा झाला ना?

परेश

धारगळ
१८ मार्च १९८७

चि. परेशास आशीर्वाद.

तुला दोन महिने उत्तर दिले नाही. लिहायला बसत होते आणि उठत होते.

घशाचे मी तुला खरे सांगितले नव्हते. तेव्हाच त्यांना घास उतरत नव्हता. फेब्रुवारीत पणजीच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झाले. गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजाची पेटी काढली. जीव वाचला. गळ्याला भोक ठेवले आहे, त्यातून श्वास घेतात, वर मलमलीचा तुकडा. ओठ हलतात, पण आवाज नाही, फुंकरसुद्धा नाही. संजनाच्या लग्नात मांडवात नुसते बसून होते.

तुझे मागणे त्यांना सांगितले नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

आता वाड्यावर प्रश्न पडला आहे. ज्याला आवाज नाही त्याने घाडीपण कसे करावे? मुलगा शिवदास खाणीवर ट्रक चालवतो, त्याला चार वाक्यांपुढे येत नाही. देवस्थान समितीचे गोकुळदास शेट म्हणाले, "दुसऱ्या गावचो घाडी आणूया." ते ऐकून सदाशिवदादा उठून गेले. त्यांच्या घराण्यात हा मान किती पिढ्या आहे ते कोणी मोजलेले नाही. आवाज गेला ते त्यांनी सोसले, पण गाऱ्हाण्याला उभे राहायची देवापुढची ती फरशी दुसऱ्याची होणार हे सोसवेना. तीन दिवस जेवले नाहीत.

मग कोणाला तरी तुझी कॅसेट आठवली. (मलाच आठवली, आणि मी बोलून बसले.) गोकुळदासांना पटले. "आवाज तोच, घराणे तेच. स्पीकर लावूया." सदाशिवदादांनी मान हलवून होही केले नाही, नाहीही केले नाही. खांबाला टेकून बसले.

म्हणून ती कॅसेट परत पाठव. तुझी नक्कल तू करून ठेव.

भाग्यलक्ष्मी

पुणे
२ एप्रिल १९८७

ती. मावशीस शि.सा. नमस्कार.

कॅसेट रजिस्टरने पाठवली आहे. नक्कल करताना पुन्हा ऐकली. "पार्वतीच्या चेडवाचा", म्हणजे मुलीचे, म्हणताना काका मध्येच खाकरतात. आधी मला तो दोष वाटत होता.

एक सांगू का, रागावू नको. सुधीरने एक प्रयोग केला. टेपची फीत कापून चिकटवता येते. काकांनी कॅसेटीत "देवा", "गाव", "राखण", "लेकरां" हे सगळे शब्द म्हटले आहेत. ते तोडून आम्ही एक नवे वाक्य जुळवले, जे काका कधी बोललेच नव्हते. आणि मावशी, ते अगदी त्यांनीच म्हटल्यासारखे वाटते! म्हणजे आमच्या शेवटच्या गाण्यात यंत्र जे मागेल, ते त्यांच्याच आवाजात मागू शकेल. आणि तुमच्या देवळालाही हवे तर प्रत्येक सणाचे वेगळे गाऱ्हाणे जुळवून देईन. संजनाचे नाव काढून दुसरे घालता येईल. गोकुळदास शेटना विचार.

मला हे चांगले वाटते आहे की वाईट, ते अजून कळलेले नाही. तुला काय वाटते?

परेश

धारगळ
३ जून १९८७

चि. परेशास आशीर्वाद.

शनिवारी, तीस तारखेला, आपला गोवा राज्य झाला हे तू वाचले असशीलच. आमच्याकडे काय झाले ते कोणी छापणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. जोड-पाने लावली आहेत.

आधी एक कबुली. तुझे शब्द जुळवण्याचे मी गोकुळदासांना सांगितलेच नाही. त्यांनी लगेच वर्षभराची यादी दिली असती.

राज्य झाले म्हणून देवाला गाऱ्हाणे घालायचे ठरले. अंगण भरले. ट्रकवाले शिवदासचे मित्र आले, धारगळच्या हमरस्त्यावरचे दुकानदार आले, संजना नवऱ्याला आणि सासूला घेऊन मयेहून आली. देवळाच्या कौलांवर कर्णा बांधला होता. गोकुळदास खुर्चीवर चढून म्हणाले, "आजपासून आमी भारताचें पंचविसावें राज्य!" टाळ्या झाल्या. मग त्यांनी टेपचे बटण दाबले.

बा देवा रवळनाथा! आवाज असा आला की माझ्या हातातले तबक हलले. सदाशिवदादा खांबाजवळ बसले होते, त्यांनी मान खाली घातली. आरंभाचे सगळे नीट झाले, आम्ही व्हय म्हाराजा म्हटले. कॅसेटीतलीही माणसे म्हणत होती, आमच्या थोडी आधी. म्हणजे मीच माझ्या आधी म्हणत होते. विचित्र वाटले. पण होकार भरायची सवय झाली की तोंड आपोआप चालते.

आणि मग: "ह्या पार्वतीच्या चेडवाचा, संजनाचा, लगीन जुळणा नाय. जा काय आडवा येता ता दूर कर, आणि तिका बरोसो घोव मेळवून दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शंभर माणसे म्हणाली रे. मीही म्हटले, संजनाच्या नवऱ्यानेसुद्धा म्हटले! मग संजनाच्या सासूचा आवाज, "आनीक एक घोव? म्हजो पूत खंय उडयतलीं?"

आणखी एक नवरा आला तर आपला मुलगा कुठे टाकणार, असे ती विचारत होती. कोणी हसले, मग सगळेच हसले, पार्वती सोडून. ती पदर तोंडाशी धरून "देवा, तां परतां घे, परतां घे" म्हणत होती. शंभर जणांनी होकार भरला होता ना! गोकुळदासांनी घाईने टेप पुढे पळवला, तेही आवाज चालू ठेवून. कर्ण्यातून सदाशिवदादांचा आवाज चिचुंद्रीसारखा चिरकत गेला. पोरे पोट धरून हसली. माझी नजर खांबाकडे गेली, आणि मला ते बघवेना. मी पुढे जाऊन टेप बंद केला. बायका पुढे जात नाहीत, ते नंतर आठवले.

"आता गाऱ्हाणा कोण घालतलो?" गोकुळदास म्हणाले. ते खरेच गोंधळले होते.

सदाशिवदादा उठले. फरशीवर जाऊन उभे राहिले, हात जोडले, ओठ हलवू लागले. ऐकू काही येईना, फक्त मलमलीचा तुकडा आत-बाहेर होत होता. मग त्यांनी उजवा हात खाली आणला, म्हणजे एक मागणे पुरे झाले. आम्ही म्हणायची पाळी. कोणी काही म्हणेना. आत्ताच न ऐकता म्हणून फसलो होतो.

तेव्हा शिवदास म्हणाला, "बाबा, राज्याचा बरा कर म्हणतास?"

दादांनी मान हलवली, होय. मग आम्ही म्हटले.

पुढचे सगळे तसेच झाले. ते ओठ हलवत, आम्ही ओळखत. "पावस बरो पडूं दी?" होय. "पोरांक नोकऱ्या?" नाही. पुन्हा तेच ओठ. "पोरां घराक परतूं देत?" होय, होय! कुवेतला गेलेल्या पोरांच्या आया होत्या, त्यांनी ओळखले. मागून कोणी ओरडले, "मराठीक मान दी म्हणतत!" दुसरा म्हणाला, "न्हय, कोंकणीक!" दादांनी दोघांकडे पाहून मान अशी हलवली की दोघेही खाली बसले. पुढचे मागणे बांधावरून चाललेल्या भांडणाचे होते, ते एका म्हाताऱ्याने ओळखले, कारण भांडण त्याचेच होते. दहा मिनिटांच्या गाऱ्हाण्याला दीड तास लागला. दुपार झाली. कोणी हलले नाही. मी पस्तीस वर्षे त्या देवळात उभी राहते, इतके कान देऊन मी कधी ऐकले नव्हते, आणि ऐकायला तर काहीच नव्हते.

संपल्यावर गोकुळदासांनी स्वतः कर्ण्याची वायर गुंडाळली. म्हणाले, "दुसऱ्या गावचो घाडी नाका. आमचो आसा." शिवदास आता रविवारी बापासमोर बसून ओठ वाचायला शिकतो आहे. चुकला की टपली खातो.

एकच राहिले. शेवटचे मागणे कोणालाच ओळखता आले नाही. गुरांचे? नाही. रस्त्याचे? नाही. आम्ही अंगणातल्या एकूण एकाचे नाव घेऊन पाहिले. शेवटी दादा हसले, हात खाली न आणताच मागे सरले. घरी येऊन भात उतरवताना माझ्या ध्यानात आले की आम्ही सगळ्यांची नावे घेतली, त्यांचे कोणी घेतले नाही. घाडी स्वतःसाठी कधी मागत नाही, तसा रिवाजच नाही. म्हणून कोणाला सुचलेही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले. देवापुढे ते पाटी नेत नाहीत, पण घरी लिहून बोलतात; त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिले, वाचायच्या आत पुसले.

मग मी तुझे पत्र त्यांना वाचून दाखवले, फीत कापण्याचे आणि जुळवण्याचेसुद्धा. लपवायचा मला कंटाळा आला होता. त्यांनी दोनदा वाचायला लावले. तुझे यंत्र उभे राहून मागते, ह्याचे त्यांना हसू आले नाही. पाटीवर लिहिले ते जसेच्या तसे उतरवते:

"आवाज घे. तो माझ्याकडे आता नाय. पण यंत्र मागता ता कोणासाठी? दुसऱ्यासाठी मागता तर माझो आवाज दी. आपल्यासाठी मागता तर दिव नको, ता लय कठीण जाता."

मी म्हटले, गाण्यातल्या यंत्राला काय कठीण? त्यांनी पाटीवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

तू विचारले होतेस मला काय वाटते. मला वाटते हे तुला ठरवावे लागेल, सुधीरला नव्हे, कात्रीला तर नव्हेच. स्टुडिओची तारीख जवळ आली आहे, हे ठाऊक आहे. पण त्यांना उत्तर मिळाल्याशिवाय तो आवाज कापू नको. सदाशिवदादा रोज अकरा वाजता टपालवाल्याच्या वेळेला आमच्या पडवीत येऊन बसतात. बोलू शकत नाहीत, नुसते वाट पाहतात; त्यांना उगीच काहीबाही सांगून परत पाठवता येत नाही. तुझे यंत्र कोणासाठी मागते ते एका ओळीत लिहिलेस तरी चालेल. अजून ठरले नसेल तर ठरले नाही असे लिही, पण उलट टपाली कळव.

तुझी मावशी,
भाग्यलक्ष्मी